एकच जनुक, दोन कामं

आदरणीय अध्यक्ष, संशोधक मित्रहो, डॉक्टर मंडळी आणि भामरागड, एटापल्ली, जिवतीहून आलेल्या आशाताईंनो,

गोंडराजांनी वसवलेल्या या नगरीत, इरई-झरपटच्या काठावर, स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

उंदरांच्या जनुकांवरची परिषद चंद्रपुरात कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्या आरोग्य केंद्रातल्या एका काचनळीत आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा बघतात. रेघा स्पष्ट दिसल्या की आईचा जीव भांड्यात पडतो. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या, तर सिकलसेलचा संशय.

या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी प्लीहेत अडकतात. ती अनेकदा लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंपुढे मूल उघडं पडतं. रक्ताचा आजार असा प्रतिकारशक्तीचा होतो.

या आजाराच्या अभ्यासासाठी, फक्त मानवी सिकल हिमोग्लोबिन असलेले ट्रान्सजेनिक उंदीर 1997 मध्ये तयार झाले. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पाडण्यात बीसीएल-११-ए या जनुकाचा मोठा हात असतो. सिकलच्या उंदरांत फक्त लाल पेशींपुरतं ते काढून टाकलं, तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन परतलं आणि आजार ओसरला. हे 2011 चं काम. पण 2003 मध्येच उंदरांनी सावध केलं होतं: हे जनुक मुळातच नसेल, तर बी-पेशी घडत नाहीत. मग प्रतिपिंडं आणायची कुठून? म्हणूनच 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेल्या उपचारात जनुकीय कात्री चालते ती लाल पेशींत या जनुकाला जोर देणाऱ्या तुकड्यावर. बी-पेशींतलं त्याचं काम शाबूत राहतं. कुठे हात लावायचा नाही, हे मुक्या जिवांनी आपल्याला शिकवलं. त्यांचं ऋण मी इथे नमूद करतो.

त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. आमच्या पाड्यावरच्या लेकराला आज हायड्रॉक्सीयुरिया, पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस वेळेवर मिळणं, हाच मोठा आधार आहे. आयसीएमआरचं हिमोग्लोबिन-विकार केंद्र 2022 पासून चंद्रपुरात आहे. प्रयोगशाळा आणि पाडा यांतलं अंतर तिथूनच कमी व्हावं, ही माझी तळमळ आहे.

परिषदेचे दोन्ही दिवस आशाताई पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्या प्रश्नांना, त्या गावात जाऊन सांगू शकतील अशा मराठीत उत्तरं द्या, एवढंच यजमान म्हणून मागतो.