म्हातारे इंजिन आणि उंची तेल

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पोलादाशी जन्मभर झुंजलेले अभियंते समोर बसले असता कला शाखेच्या पदवीधराने डिझेल इंजिनाच्या तेलावर बोलावे, हे धाडसच म्हणावयाचे. परंतु हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही; एका फायलीवरून शिकलो, आणि त्या फायलीवर शेवटची सही माझी होती. भिलाईपासून समुद्र दूर खरा; तरी २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'च्या पोलादात आपल्या कारखान्याचाही वाटा आहे. तेव्हा सागराची ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

पंचवीसएक वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावरील एका कचेरीत माझी नेमणूक होती. कचेरीची एक गस्तीची लाँच होती. तिचे इंजिन जवळजवळ माझ्याच वयाचे. इंजिन ड्रायव्हरांना सारे 'मामा' म्हणत. ते वर्षानुवर्षे एकच साधे चाळीस नंबरचे तेल घालीत. डब्यावरील 'एस. ए. ई. ४०' हा आकडा तेलाच्या दाटपणाचा. ही मोजणी १९११ पासूनची. '१५ डब्ल्यू ४०' यातील पहिला आकडा तेल थंडीत कसे वागते ते सांगतो. बर्फाळ देशात त्याचे मोल मोठे; कोकणच्या उकाड्यात ते कितीसे?

दुसरी खूण अक्षरांची. 'सी. डी.' हा वर्ग १९५५ चा, त्यानंतर 'सी. एफ. ४', 'सी. आय. ४' असे वर्ग आले. नव्या तेलांत काजळी धुऊन तरंगती ठेवणारी द्रव्ये अधिक असतात. शिवाय डिझेलमधील गंधक जळून आम्ल होते, ते मारण्यासाठी तेलात क्षार घालतात. पूर्वी आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत असे; १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या पंपांवरील डिझेलमध्ये ते दशलक्ष भागांत १० इतकेच असते. तेव्हा ज्या कारणासाठी क्षाराचा आग्रह धरावा लागे, ते कारणच आता बरेचसे क्षीण झाले आहे.

पुरवठादाराने त्या वेळचे सर्वांत उंची तेल सुचविले. मामा मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले. "साहेब, म्हाताऱ्याला एकाएकी जुलाब देऊ नका," एवढेच म्हणाले. मी हसलो, आणि 'उच्च प्रतीचे तेल घेण्यास हरकत नसावी' असा शेरा मारला.

तीन आठवड्यांनी, रात्रीच्या गस्तीत, खाडीच्या तोंडाशी तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. मामांनी तत्काळ इंजिन बंद केले. लाँचवर चौघे होते, आणि प्रवाह खडकांकडे ओढीत होता. नांगर धरला म्हणून वाचले. पहाटे मासेमारीच्या एका होडीने लाँच ओढून आणली. तळ उघडला तेव्हा तेलाच्या जाळीवर काळ्या गाळाचा जाड थर आढळला. वर्षानुवर्षे भिंतींना चिकटून बसलेले सारे नव्या तेलाने सोडविले होते. दोन बेअरिंगे गेली.

दोष तेलाचा नव्हता. तळ आणि जाळी आधी साफ केली असती, पहिला भरणा लवकर काढून टाकला असता, तर तेच तेल खपले असते. तसे करावयाचे नसेल, तर निर्मात्याच्या पुस्तिकेतील दाटपणा व वर्ग सोडू नये. आणि तेल कोणतेही असो, त्याची पातळी आपोआप वाढू लागली तर आनंद मानू नये. पाणी किंवा डिझेल आत शिरत असते. तेल दुधाळ दिसले तर पाणी नक्कीच.

दुरुस्तीनंतर मामांनी माझ्या टेबलावरचा टिपकागद मागितला आणि तेलकाठीचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब करडा होऊन सारखा पसरला, तर तेल अजून काजळी वाहते आहे. मधोमध काळाकुट्ट गोळा बसून कडेने स्वच्छ वलय उठले, तर ते थकले आहे. पुढे दर महिन्याला ते टिपकागद मागावयास येत आणि मी देत असे. त्यांतला पहिला माझ्याजवळ अजून आहे. मधोमध तो डाग, आणि कोपऱ्यात माझ्याच सहीचा उलटा ठसा.