खपलं म्हणजे बाटलं का?



सकाळच्या परिसंवादात एका विद्वानांनी भीमगीतांना 'बाजारू' म्हटलं. टाळ्याही पडल्या. अध्यक्षानं गोड बोलून समारोप करावा अशी अपेक्षा असेल, तर तुम्ही माणूस चुकीचा निवडलात.

'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. पुढे सुधीर फडक्यांनी गावोगाव त्याचे कार्यक्रम केले, रेकॉर्डी घरोघर गेल्या. ते लिहिणाऱ्या गदिमांना कुणी बाजारू म्हटलं नाही, म्हणूही नये. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल थेट हॉलिवूडला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राची छाती फुगली. मग प्रल्हाद शिंद्यांची कव्वाली रिक्षात लागली की ती कर्कश का होते? विठ्ठलाची गाणीही त्याच गळ्यातली, ती मात्र आषाढीला चालतात! आनंद शिंद्यांच्या 'पोपटा'च्या गाण्याला ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याच घरच्या वरातीत तो मध्यरात्रीपर्यंत उडत होता. खप सगळ्यांचाच झाला. डोळ्यांत खुपला तो एकाच वस्तीचा.

कोणाचा आवाज तबकडीवर चढवायचा, हे एके काळी दोन-चार कंपन्या ठरवत. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि ती दादागिरी मोडली. या शहराला हे मी सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. विद्यापीठाची पाटी बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात माणसं कशावर तगली? 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच शहरातून निघत होतं, ते चालवणाऱ्या पंतावणे सरांचं ऋण फेडता येणारं नाही. पण ज्या माउलीला अक्षर येत नव्हतं, तिच्यापर्यंत विचार गेला तो गाण्यातून. ते गाणं विकलं गेलं म्हणूनच तिच्या हाती पडलं.

तेव्हा खपाची लाज मला वाटत नाही. पैसा कुठं गेला, हे विचारताना मात्र घसा कोरडा पडतो. जुन्या कॅसेटचं कव्हर काढून बघा. गायकाचा फोटो मोठा, कंपनीचं नाव त्याहून ठसठशीत. गीतकार? असला तर कोपऱ्यात, भिंग लावून वाचावा असा. गाणं एकरकमी विकलं की कवीचा हिशेब मिटला. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, त्यांवर कितीतरी गळे मोठे झाले. दादा २००४ साली गेले, ते काही बंगल्यातून नाही गेले. आणि आपण त्यांना 'निष्ठावंत' म्हणून गौरवतो. उपाशी कवीच खरा, हे तत्त्वज्ञान दर महिन्याला पगार घेणाऱ्यांना फार आवडतं.

२०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गाणं विकलं तरी रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा हिस्सा सुटत नाही, असं त्यात आलं. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपली गाणी ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेकडे नोंदवलीत? हात वर करा. बघा! (वरातीत वाजलेल्या गाण्याला कायद्यानंच सूट दिली आहे, म्हणजे पोपट तिथं फुकटच उडणार.)

आता आपल्याच पोरांकडे वळतो. १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, इथल्या क्रांती चौकात डीजेच्या भिंती उभ्या राहतात. ठेका वाढवा, नाचा, माझी हरकत नाही. कानाचे डॉक्टर काय ते बघतील. पण तुमच्या मिक्समध्ये धृपद चारदा, एक अंतरा, की लगेच पुढचं गाणं. संतांच्या अभंगासारखी वामनदादांची नाममुद्रा येते शेवटच्या अंतऱ्यात. तुम्ही नेमका तोच कापता. कंपनीनं नाव निदान कोपऱ्यात तरी छापलं होतं. तुम्ही पुसूनच टाकलंत. हे बाजारानं केलेलं नाही, बाजाराला शिव्या देऊन यातून सुटता येणार नाही.

संयोजकांनी रात्रीच्या कार्यक्रमाची पत्रिका आत्ताच माझ्या हाती दिली. अकरा गायकांची नावं आहेत. कवीचं एकही नाही. दिवे लागायला दोन तास आहेत, झेरॉक्सचं दुकान समोर आहे. पत्रिका नव्यानं काढा. आणि गायकांनो, गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत म्हणा. वेळ कमी पडला तर माझ्या आभारप्रदर्शनातला कापा.