पुस्तकांची मोजदाद



१७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळील झुकोटी पार्कमध्ये आंदोलकांनी ठाण मांडले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात बँकांना सरकारी तिजोरीतून सावरण्यात आले. सामान्यांच्या वाट्याला मात्र बेकारी आणि घरांवरील जप्ती आली, हा त्यांचा आरोप होता. त्या तळावर स्वयंपाकघर उभे राहिले, औषधोपचाराची सोय झाली आणि एक ग्रंथालयही निघाले. लोकांनी पुस्तके आणून दिली, स्वयंसेवकांनी ती लावली आणि त्यांची रीतसर यादी केली. पुस्तक नेण्यास ना वर्गणी होती, ना अनामत. दोन महिन्यांत संग्रह पाच हजारांवर गेला.

१५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तळ उठवला. आरोग्य आणि सुरक्षितता ही महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी पुढे केलेली कारणे होती. तंबूंबरोबर पुस्तकेही सफाई खात्याच्या वाहनांत भरली गेली. पुस्तके सुरक्षित असल्याचे महापौरांच्या कार्यालयाने छायाचित्र प्रसिद्ध करून सांगितले. ग्रंथपाल ती आणायला गेले, तेव्हा त्या आश्वासनाची किंमत कळली. जप्त झालेल्या सुमारे ३,६०० पुस्तकांपैकी सुमारे एक हजारच परत मिळाली आणि त्यांतीलही दोनशेच्या आसपास वापरण्याजोगी उरली नव्हती, असे त्यांनी पुढे न्यायालयात मांडले.

उद्यानात तंबू ठोकण्याचा हक्क न्यायालयाने त्याच दिवशी नाकारला होता. तथापि, तळ उठवण्याचा अधिकार मान्य केला तरी दुसऱ्याचे ग्रंथ नष्ट करण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. सत्ता 'सफाई' हा शब्द वापरते, तेव्हा कचरा कशाला म्हटले जात आहे, हे प्रथम विचारले पाहिजे.

मे २०१२ मध्ये ग्रंथपालांनी शहराविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. एप्रिल २०१३ मध्ये तडजोड झाली. पुस्तकांपोटी ४७,००० डॉलर आणि वकिलांच्या खर्चापोटी १,८६,३५० डॉलर देणे ठरले. पुस्तकांच्या रकमेचा एक तृतीयांश भार उद्यानाची मालक असलेल्या ब्रुकफील्ड कंपनीवर पडला. काही पुस्तके निकामी झाली, काहींचा पत्ताच लागला नाही आणि हे खेदजनक आहे, अशी कबुली शहराला लेखी द्यावी लागली.

या भरपाईने तळ परत आला नाही, हे खरे. पण ज्या शहराने एका रात्रीत सारे उचलून नेले, त्याला दीड वर्षाने हिशेब द्यावा लागला. स्वयंसेवकांनी पावसापाण्यात, उघड्यावर बसून पुस्तकागणिक नोंद ठेवली होती. म्हणून काय गेले, हे त्यांना आकड्यांनिशी मांडता आले. चळवळीतील नोंदवही आणि यादी ही कारकुनी कामे समजून आपले कार्यकर्ते ती टाळतात. दडपशाहीच्या दुसऱ्या दिवशी तीच साक्षीला उभी राहतात. ती आजच, शांततेच्या दिवसांत लिहिली गेली पाहिजेत.