जेवढा आला तेवढा परत गेला पाहिजे

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. हा विजेवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. पण मला शब्द उलटेपालटे करून बघायची खोड आहे, आणि विजेच्या बाबतीत आपले रोजचे शब्दच आपल्याला चकवतात. ‘फ्रिज फार करंट खातो’ असं आपण म्हणतो. जणू खांबावरून करंट नावाचा काही माल घरात येतो आणि इथंच संपतो.

तसं होत नाही. करंट, म्हणजे विद्युतप्रवाह, फेजच्या तारेनं जेवढा येतो तेवढाच न्यूट्रलनं परत जातो. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवा. डोंगराकडून खापरी नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडतं, चक्की फिरवतं आणि पुढं निघून जातं. ते पिठात मुरत नाही. दळण होतं ते त्याच्या पडण्यानं. विजेचं तेच. प्रवाह परततो, घरात राहते ती ऊर्जा, आणि बिलही तिचंच येतं. (आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं हेलकावतो, त्यामुळे ‘आला-गेला’ हे बोलण्याच्या सोयीचं; हिशेब मात्र क्षणोक्षणी हाच.) म्हणून या वाटेला मराठीत ‘परिपथ’ म्हणतात, फिरून मूळ जागी येणारी वाट. इंग्रजी ‘सर्किट’चा अर्थही तोच. २००३ सालच्या मुन्नाभाईच्या चित्रपटानंतर तो शब्द आपण भलत्याच माणसांना लावू लागलो, ते सोडा.

पाणी पडतं ती उंची म्हणजे व्होल्टेज, विजेचा दाब. आपल्या घरात तो साधारण २३० व्होल्ट. वाटेतली अडचण म्हणजे रोध. दाब वाढला की प्रवाह वाढतो, रोध वाढला की कमी होतो, हे जर्मनीतल्या गेओर्ग ओहम नावाच्या शिक्षकानं १८२७ साली पुस्तकात मांडलं. त्याच्या देशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं ते १८४१ साली. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम. २३०ला ५३नं भागा, प्रवाह येतो सव्वाचार अँपिअरच्या आसपास. एवढंच गणित.

मग १८४५ साली क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या गुस्टाव्ह किर्चहॉफनं दोन नियम सांगितले. जिथं तारा मिळतात तिथं जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच बाहेर जातो. आणि पूर्ण फेरी मारली की मिळालेला दाब वाटेत सगळा खर्ची पडलेला असतो. दुसरा नियम आपण सणासुदीला बघतो. जुन्या दिव्यांच्या माळेत सहा व्होल्टचे अडतीस दिवे एकापाठोपाठ असत. २३० व्होल्टची त्यांच्यात वाटणी होई. एक गेला की वाट तुटली, अख्खी माळ अंधारात. घरातले दिवे मात्र समांतर जोडलेले असतात, प्रत्येकाला पूर्ण दाब. स्वयंपाकघरातला गेला तरी माजघरातला जळतो.

आता एक गंमत. शंभर वॅटचा आणि चाळीस वॅटचा असे दोन जुने पिवळे बल्ब एकामागोमाग जोडले तर जास्त उजेड कोण देईल? चाळीसचा! प्रवाह दोघांतून सारखाच, आणि चाळीसच्या तारेचा रोध जास्त, म्हणून दाबातला मोठा वाटा त्याच्याकडे. शंभरचा नुसता लालसर होऊन बसतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला विचारत सुटलो होतो.

पण मुख्य गोष्ट पुढंच आहे. पावसाळ्यात कुणीतरी पत्र्याच्या भिंतीला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घालतं. कुठंतरी वायरचं आवरण फाटून वीज त्या पत्र्यात उतरलेली असते. ओल्या अंगाचा रोध धरा दीड हजार ओहम. २३०ला भागा. अंगातून जातात सुमारे १५० मिलिअँपिअर, जीव घ्यायला पुरेसे. आणि सहा अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी? तो हलतही नाही. एक बल्ब जादा लागला असेल, असं समजून स्वस्थ राहतो. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो; माणूस त्याच्या हिशेबातच नसतो.

माणसासाठी किर्चहॉफचा पहिला नियम कामाला येतो. आरसीसीबी नावाच्या पेटीत फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात. जेवढा आला तेवढा गेला, तर दोघांचा चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतो. अंगातून जमिनीत गेलेला प्रवाह न्यूट्रलनं परतत नाही. तूट तीस मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत-बाहेर पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. घरासाठी घ्यायची ती याच तीसच्या आकड्याची. मात्र कोणी एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरली, तर हिशेब बरोबरच जुळतो, आणि ही पेटीही गप्प बसते. अर्थिंगला तर ती पर्याय नाहीच. आरसीसीबी असली की फ्रिजची तिसरी पिन काढून टाकली तरी चालते, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

या पेटीवर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडून घरातली वीज गेली, तर पेटी ठीक आहे. खटका वर करा. नाही गेली, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.