एक राउटर, दोन कॉम्प्युटर आणि मुरबाडचा पुतण्या

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा प्रश्न तसा घरगुती आहे. घरात दोन कॉम्प्युटर, इंटरनेटचं कनेक्शन एकच, आणि मुलांना एकत्र मल्टिप्लेअर गेम खेळायचाय. शिवाय बाहेरगावचा एक भिडू पण घ्यायचाय. सोपं वाटतं ना? मला पण वाटलं होतं. पावसाळ्याचे तीन आठवडे गेले माझे त्यात. काय काय चुकलं ते सगळं सांगतो, म्हणजे तुमचे तीन आठवडे वाचतील.

आम्ही शहापूरला राहतो. माझी मुलगी नववीत, मुलगा सहावीत. धाकटा भाऊ मुरबाडला असतो, तिथल्या एमआयडीसीत नोकरीला. मूळ घर किन्हवलीच्या बाजूला. आधी मे महिन्यात सगळी पोरं गावी जमायची. वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून आम्हा दोघा भावांचं बिनसलं, आणि ते जमणं बंद झालं. शहापूर ते मुरबाड, किन्हवली-सरळगाववरून एसटीने गेलं तर काही फार लांब नाही. पण मोठ्यांचं बोलणं थांबलं की पोरांचं जाणं-येणं आपोआप थांबतं.

तर जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मुलगा म्हणाला, "पप्पा, आम्हाला दादाबरोबर माइनक्राफ्ट खेळायचंय." दादा म्हणजे माझा पुतण्या. मी म्हटलं, खेळा की. त्यात काय.

आता आधी एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या घरात कितीही कॉम्प्युटर असू देत, बाहेरच्या जगाला ते सगळे मिळून एकच दिसतात. घरात प्रत्येकाला वेगळा पत्ता असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात. तुमच्याकडे १९२.१६८.१.५ असेल तर शेजाऱ्याकडे पण तोच असू शकतो. बाहेर जाताना राउटर हा आतला पत्ता पुसतो आणि स्वतःचा एकच बाहेरचा पत्ता लावतो. याला नॅट म्हणतात. १९९४ साली ही युक्ती कागदावर मांडली गेली, कारण पत्ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले.

राउटर म्हणजे पडवीत बसलेली आजी समजा. नातवाला तिने दुकानात मीठ आणायला जाताना बघितलंय. थोड्या वेळाने दुकानदाराचा पोरगा मीठ घेऊन आला तर तिला माहीत असतं, हे कोणाचं. ती आत पाठवते. पण कोणी अनोळखी माणूस अचानक दारात येऊन म्हणाला, "घरात पाठवा मला," तर आजी विचारणार, "कोणाकडे?" त्याला सांगता आलं नाही तर ती त्याला परत पाठवणार.

म्हणून लक्षात ठेवा: दोन्ही कॉम्प्युटर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर खेळायला जात असतील तर सहसा काही अडत नाही. दोघं बाहेर गेले, दोघांची नोंद राउटरकडे आहे, उत्तरं बरोबर परत येतात. अडतं ते घरातला एक कॉम्प्युटर यजमान झाला की. तिथे बाहेरचा माणूस आधी दार वाजवतो.

आमच्याकडे मुलगी यजमान होणार असं ठरलं, कारण तिच्या डेस्कटॉपला ८ जीबी रॅम. मुलाकडे माझा जुना लॅपटॉप. पहिल्याच दिवशी घरातल्या घरातच जमेना. दोघं एकाच खोलीत बसलेत, आणि त्याला तिचा गेम दिसतच नाही. भांडण सुरू. "तूच बंद केलंस!" "मी नाही केलं!"

दोन कारणं निघाली. एक, लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर होता. पाहुण्यांसाठीचं ते वेगळं नाव असतं ना, त्यावरच्या मशीनना बाकीच्या घराशी बोलू देत नाहीत. ते बदलून मुख्य वायफायवर घेतला. दुसरं, मुलीच्या विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून लागलेलं. ते 'प्रायव्हेट' केलं. आणि जावाला फायरवॉलमधून परवानगी द्यायची का, असा प्रश्न आला होता तेव्हा तिने कॅन्सल दाबलं होतं. एकदा कॅन्सल दाबलं की विंडोज ते नकार म्हणून लक्षात ठेवतं. फायरवॉलच्या यादीत जाऊन ते उलटं करावं लागलं.

मग मुलाला सांगितलं, कमांड प्रॉम्प्ट उघड, ताईच्या मशीनवर आयपीकॉन्फिग टाइप कर, तिचा पत्ता बघ, आणि तो तुझ्या गेममध्ये टाक. झालं. दोघं एका मिनिटात एकत्र.

इथला धडा साधा आहे. घरातल्या घरात जोडायचं असेल तर आतला पत्ता वापरायचा. बरेच जण काय करतात, बाहेरचा पत्ता शोधून काढतात आणि घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पण तोच टाकतात. म्हणजे शेजारच्या खोलीतल्या बहिणीशी बोलायला घराबाहेर पडायचं, वळसा घालायचा आणि पुढच्या दाराने परत यायचं. काही राउटर असं वळवून घेतात, बरेचसे घेत नाहीत.

आता बाहेरचा भिडू. त्यासाठी आजीला आधी सांगून ठेवावं लागतं: अमुक नंबर सांगत कोणी आला तर त्याला थेट अमुक खोलीत पाठव. हा नंबर म्हणजे पोर्ट, आणि सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर, आपण बदलला नाही तर, २५५६५ हा पोर्ट वापरतो. राउटरच्या पानावर जाऊन मी लिहिलं, २५५६५, टीसीपी, मुलीच्या कॉम्प्युटरचा पत्ता.

लगेच धाकटा म्हणाला, "मला पण माझा सर्व्हर पाहिजे." एक पोर्ट एकाच खोलीत जातो. दोघांना यजमान व्हायचं असेल तर दुसऱ्याने २५५६६ घ्यायचा, आणि येणाऱ्याने पत्त्यापुढे तो नंबर लिहायचा. जुन्या मंडळींना वॉरक्राफ्ट ३ आठवत असेल. त्यात पण हेच होतं. एका राउटरमागे दोघांना गेम उघडायचा तर एकाने ६११२ ठेवायचा, दुसऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन ६११३ करायचा. वीस वर्षांत खेळ बदलले, ही भानगड तीच आहे.

मग दुसऱ्या दिवशी लाईट गेली. आमच्याकडे पावसात लाईट जाणं काय नवीन नाही. पण लाईट आली, राउटर परत चालू झाला, आणि त्याने घरातले पत्ते नव्याने वाटले. मुलीचा ५ होता तो ७ झाला. ५ गेला टीव्हीला. म्हणजे आता बाहेरून येणारा थेट टीव्हीकडे जाणार! उपाय: राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते. तिथे कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून ठेवायचा. पोर्ट फॉरवर्ड करण्याआधी हे करा. मी नंतर केलं, म्हणून दोन दिवस फुकट गेले.

एवढं सगळं करून पुतण्याला बाहेरचा पत्ता पाठवला. नाही जोडला गेला. परत तपासलं, परत नाही. तिसरा आठवडा लागला. मुलगा रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "झालं का?" आणि मी नाही म्हटलं की गप्प निघून जायचा. त्याचं ते गप्प जाणं मला जास्त लागायचं.

शेवटी एक गोष्ट बघितली, जी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपी लिहिलेला असतो. आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधलं की एक पत्ता दिसतो. हे दोन्ही सारखे असले पाहिजेत. माझे वेगळे होते. राउटरवरचा पत्ता १००.७० असा काहीतरी सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढलेत. म्हणजे काय, तर माझ्या पडवीत आजी आहेच, पण गावच्या वेशीवर अजून एक रखवालदार बसलाय, आणि तो शेकडो घरांचा मिळून एकच पत्ता सांभाळतो. आजीला मी सगळं सांगून ठेवलंय. वेशीवरच्याला कोण सांगणार? तो काही माझं ऐकत नाही. याला सीजीनॅट म्हणतात. केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "सर, सगळ्यांचं असंच असतं. स्टॅटिक आयपी पाहिजे तर वेगळे पैसे."

एक लक्षात घ्या, वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कदाचित घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत, फायबरचा डबा आणि तुमचा वेगळा वायफाय. ते तुमच्या हातात आहे, त्यातला एक ब्रिज मोडवर टाका. सीजीनॅट मात्र तुमच्या हातात नाही.

मग डोक्यात आलं, आपलं दार उघडत नसेल तर यजमान बदलू. सर्व्हर मुरबाडला चालवू. माझी दोघं इथून बाहेर जातील, आणि बाहेर जाणाऱ्यांना अडचण नसते, हे सुरुवातीला सांगितलंच. फक्त त्यासाठी मुरबाडचा राउटर बघायला पाहिजे होता. आणि तो भावाच्या घरात.

खरं सांगतो, मंडळी, आठ महिने आम्ही एकमेकांना फोन केला नव्हता. बायका बोलायच्या, पोरं बोलायची. आम्ही दोघं नाही. आईच्या वर्षश्राद्धाला भेटलो, तेव्हाही भटजी आणि जेवणापुरतं बोललो. मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

त्याने पहिल्या रिंगला उचलला. "बोल दादा. सगळं ठीक ना?" घाबरलेला आवाज. इतक्या महिन्यांनी फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, "ठीक आहे रे. तुझ्या राउटरचा पासवर्ड काय आहे?"

दोन सेकंद शांतता. मग हसला तो. मी पण हसलो.

त्याने घराच्या सीसीटीव्हीसाठी वर्षापूर्वी स्टॅटिक आयपी घेतला होता. वॅन आयपी आणि ब्राउझरमधला पत्ता, दोन्ही सारखे! पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची एक ओळ आधीच होती. तिच्याखाली आम्ही २५५६५ ची दुसरी ओळ लिहिली. पुतण्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता आधी बांधून घेतला. फायरवॉल बघितली. दीड तास फोनवर होतो. मधेच तो म्हणाला, "दादा, इथे लाईट डीम झालीय, थांब जरा." मी थांबलो.

रात्री साडेनऊला माझी दोघं, एकाच राउटरमागून, दोन कॉम्प्युटरवरून मुरबाडच्या सर्व्हरवर गेली. एकही बाहेर फेकला गेला नाही. तिघांनी मिळून पहिलं काय बांधलं असेल? किन्हवलीचं घर. पुढे पडवी, मागे विहीर.

आता ज्यांच्याकडे दोन्ही टोकांना सीजीनॅट आहे त्यांनी काय करायचं? टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं सॉफ्टवेअर सगळ्या कॉम्प्युटरवर टाका. ते लांबच्या मशीनना एकाच घरात असल्यासारखे पत्ते देतं, पोर्ट उघडावा लागत नाही. दोघांकडे आयपीव्ही६ असेल तर तोही रस्ता आहे, त्यात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता मिळतो. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते.

आणि काळजी. राउटरचा आणि डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. सर्व्हरमध्ये व्हाइटलिस्ट चालू करा, म्हणजे यादीतलीच मुलं आत येतील. राउटरमधला डीएमझेड वापरू नका, त्याने अख्खा कॉम्प्युटर उघडा पडतो. खेळ बंद केला की फॉरवर्डची ओळ पण काढा.

क्रम परत सांगतो. आधी वॅन आयपी तपासा. मग यजमान कोण ते ठरवा. त्याचा पत्ता बांधा, फायरवॉल बघा, पोर्ट द्या. घरातल्यांनी आतला पत्ता, बाहेरच्यांनी बाहेरचा.

जमिनीचं अजून तसंच आहे, ते काही राउटरने सुटत नाही. पण आता लाईट गेली की भावाचा फोन येतो. "दादा, सर्व्हर बंद पडलाय, पोरांना सांग." मग पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं होतं. पाऊस किती झाला, भात लावून झालं का.

चला, आज एवढंच. तुमच्या राउटरचं काही अडलं असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.