मुक्काम कोठें करावा?

पुण्याहून मोटारीनें दोन दिवसांसाठीं कोल्हापुरास जातांना मुक्काम अंबाबाईच्या देवळालगतच असावा, असें सहज वाटतें. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस तेथें किरणोत्सव असतो; मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीकडे येतात. गतवर्षीं त्यासाठींच आम्हीं देवळाजवळ खोली घेतली. खोली मिळाली; परंतु अरुंद बोळांत मोटारीस जागा नाहीं! गुडघ्यांनीं अधू झालेल्या पत्नीस पायरीवर बसवून मी तासभर भटकलों. तोंवर सूर्य मावळला. तिचें दर्शन चुकलें. म्हणून खोली ठरवितांना प्रथम विचारावें, मोटार कोठें उभी राहील? त्यापेक्षां रंकाळ्याच्या बाजूस, आवार असलेल्या ठिकाणीं उतरावें, मोटार तेथेंच ठेवावी आणि रिक्षानें देवळास जावें. जवळची खोली नेहमींच सोयीची असते असें नाहीं.