दुसऱ्या तापीचं पंचांग



वैशाखातल्या संध्याकाळी खान्देशात व्याख्यान ऐकायला येणं हे प्रेमाचंच काम आहे. दिवसभर तापलेली जमीन अजून निवलेली नाही, आणि तरी हे पटांगण भरलं आहे. मी तुमचा ऋणी आहे.

आज मला तापीबद्दल बोलायचं आहे. मुलताईला उगम पावणारी, चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेणारी आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी तुम्हांला माझ्याहून जास्त माहीत आहे. सूर्याची लेक म्हणून आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव होतो, हेही मी तुम्हांला सांगायला नको. मी सांगणार आहे ते दुसऱ्या तापीबद्दल. ती दक्षिण थायलंडात आहे, आणि तिच्याही मुखाशी एक सुरत आहे.

१९१० ते १९२५ या काळात थायलंडच्या, म्हणजे तेव्हाच्या सयामच्या, गादीवर राजा वजिरावुध होते. आपल्या भाषेत म्हणायचं तर वज्रायुध. शाकुंतलाचं थाई रूपांतर करणारा हा साहित्यप्रेमी राजा. १९१५ साली त्यांनी बान डोन या बंदराच्या गावाला नवं नाव दिलं, सुरत थानी. थाई लिपीतली अक्षरं एकेक करून लावली की शब्द दिसतो ‘सुराष्ट्रधानी’. आपल्या ‘राजधानी’तलीच ती धानी. अर्थ, चांगल्या माणसांचं नगर. गाव सुरत झालं, मग गावातल्या नदीचं नाव त्यांनी आपल्याकडच्या सुरतेच्या नदीवरून ठेवलं, तापी.

ही धाकटी तापी सुमारे २३० किलोमीटरची. खाओ लुआंगच्या डोंगरात उगम पावते, उत्तरेकडे वाहते, फुनफिनला फुम दुआंग नदीला भेटते आणि बान डोनच्या उपसागरात उतरते. सुरत थानी हा सगळा प्रांत तिच्या नावानं ओळखला जात नसला, तरी त्याचं पाणी, त्याची शेती आणि त्याचे सण तिच्याच भोवती आहेत. दक्षिण थायलंडमधला हा सर्वांत मोठा प्रांत. पश्चिमेला पावसाचं जंगल, पूर्वेला बेटं, आणि मधे हजार-बाराशे वर्षांपूर्वीची देवस्थानं.

नदीचं नातं निघालं म्हणून मी तिकडे गेलो, आणि पहिल्याच खेपेला चुकलो. दिवाळीची सुट्टी मिळाली, म्हणून नोव्हेंबरात गेलो. बेटांच्या होड्या जिथून सुटतात त्या डोन साकच्या धक्क्यावर पोहोचलो तर समुद्र खवळलेला आणि होड्या बंद. तीन दिवस मी पावसाकडे बघत बसलो. चहाच्या टपरीवरच्या आजीबाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी मला विचारलं, या दिवसांत इथे पाऊसच असतो, मग तुम्ही आलात कशाला? माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्याकडे सुट्टीची तारीख होती. त्या जागेचं पंचांग मी उघडलंच नव्हतं.

आजचं माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. सहल आखायची म्हणजे आधी त्या जागेचं पंचांग वाचायचं. तिथला पाऊस, तिथल्या तिथी आणि तिथल्या जंगल-समुद्राच्या विश्रांतीचे दिवस बघायचे. आपली रजा त्यानंतर.

पावसापासून सुरुवात करू. खान्देशी माणसाला पर्जन्यछाया शिकवावी लागत नाही. नैऋत्येचे ढग कोकणात रिते होतात आणि घाट ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत हलके झालेले असतात. दक्षिण थायलंडच्या त्या चिंचोळ्या भूपट्टीवर हेच घडतं. मे ते ऑक्टोबर अंदमानच्या बाजूनं आलेला पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवर कोसळतो. खाओ सोकचं जंगल न्हाऊन निघतं, पण पूर्वेच्या सामुई बेटावर त्या मानानं उघडीप असते. ऑक्टोबर सरत आला की वारा फिरतो. ईशान्येकडून येणारा वारा थायलंडच्या आखातावरून ओलावा उचलतो आणि पूर्व किनाऱ्यावर आणून टाकतो, अगदी तमिळनाडूत टाकतो तसा. सामुईला सर्वांत जास्त पाऊस बहुधा नोव्हेंबरात पडतो. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी हा बेटांचा ऐन पावसाळा. जंगल आणि बेटं दोन्ही नीट बघायची तर फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस उत्तम. मुलांच्या परीक्षांमुळे मे महिनाच हाती असेल, तर बेटं बघा, जंगलात सरी येणार हे धरून चला.

दुसरं पान तिथींचं, आणि इथे तर आपण घरातच आहोत. तिकडचे मोठे सण ऐका. माखा बुचा, विसाखा बुचा, आसान्हा बुचा. बुचा म्हणजे पूजा. माघ, वैशाख आणि आषाढ या पौर्णिमांच्या पूजा त्या. आषाढी पौर्णिमेनंतर भिक्षू तीन महिने एका विहारात राहतात. या काळाला ते ‘फान्सा’ म्हणतात, हा मुळातला ‘वर्षा’ शब्द. आपला चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास एकाच पावसानं घालून दिलेले नेम आहेत. भिक्षूंना पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवं, या गरजेतूनच सह्याद्रीतली आणि अजिंठ्यातली पहिली लेणी कोरली गेली.

तीन महिने सरतात ती पौर्णिमा बहुधा आपली कोजागरीच असते. तिच्या दुसऱ्या दिवशी सुरत थानीत ‘चाक फ्रा’ होतो, म्हणजे बुद्धमूर्ती ओढण्याचा उत्सव. स्वर्गात आईला धर्म सांगायला गेलेले बुद्ध वर्षावास संपवून पृथ्वीवर परतले, त्यांच्या स्वागताचा हा दिवस. आदल्या रात्री लोक घरांपुढे झाडांच्या फांद्या रोवतात आणि त्यांवर भिक्षूंसाठी चीवर आणि दानाच्या वस्तू टांगतात. सकाळी सजवलेले रथ रस्त्यांवरून दोरखंडांनी ओढले जातात, आणि तापीच्या पात्रात मूर्ती घेतलेल्या नावा उतरतात. त्या नावा बघताना मला कार्तिकातला चांगदेवाचा घाट आठवला. ऑक्टोबरातच जायचं असेल, तर बेटांचा हट्ट सोडा आणि या उत्सवासाठी जा. शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक खूण सांगतो. आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी सण असतो, आणि पिवळे झेंडे लावलेल्या दुकानांत मांस-मासळी नसलेलं जेवण मिळतं. एरवी माशाचं पाणी तिथे जवळजवळ प्रत्येक रश्शात असतं. तेव्हा ‘जे’ हा एक शब्द पाठ करून जा. त्याचा अर्थ असं पूर्ण निरामिष जेवण.

आता मार्ग. माझ्या मते नऊ-दहा दिवस हवेत. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं निघालं की सकाळी फुनफिनला उतरता येतं. सुरत थानीचं स्थानक तिथे आहे, शहरापासून थोडं दूर. पहिले दोन दिवस नदीला आणि देवळांना द्या.

शहराच्या उत्तरेला चैया नावाचं जुनं गाव आहे. नावात ‘जय’ आहे. सुमात्रापासून या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या श्रीविजय साम्राज्याचं ते मोठं ठाणं होतं. अंदमानच्या बाजूला ताकुआ पाला माल उतरवायचा आणि ही चिंचोळी भूपट्टी ओलांडून या उपसागरावर आणायचा, अशी भारतातून चीनकडे जाणाऱ्या व्यापाराची एक वाट होती. त्या वाटेवरून माल आला, तसे देवही आले. चैयाला सापडलेली विष्णुमूर्ती आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू मूर्तींमध्ये गणली जाते. तिथलं ‘फ्रा बरोम्मथात’ हे मंदिर म्हणजे परमधातूचं, बुद्धाच्या अवशेषांचं मंदिर. त्याचा स्तूप श्रीविजय शैलीतला. थरावर थर चढत गेलेला आणि प्रत्येक थरावर छोटे स्तूप असलेला. चैयालाच विसाव्या शतकाच्या आरंभी ब्राँझची बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची मूर्ती मिळाली. कमरेखालचा भाग तुटलेला आहे, पण खांद्याचा तो बाक आणि खाली झुकलेली नजर बघून माणूस गप्प होतो. ती मूर्ती आता बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणून परतताना तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

श्रोतेहो, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तुम्ही बघितला आहे. तोही अवलोकितेश्वरच. अजिंठ्याच्या पायथ्याची वाघूर पुढे तापीला मिळते. एका तापीच्या खोऱ्यात भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी आहे, आणि दुसऱ्या तापीच्या उपसागराकाठी ब्राँझमध्ये ओतलेला. राजानं नदीचं नाव १९१५ साली ठेवलं. नातं त्याच्या हजार वर्षं आधीचं होतं.

चैयाजवळच ‘सुआन मोक्ख’ आहे, मोक्षाचं उपवन. बुद्धदास भिक्षूंनी ते १९३२ साली स्थापन केलं. १९०६ साली याच चैया भागात जन्मलेले बुद्धदास १९९३ साली गेले. त्यांनी कर्मकांडापेक्षा धर्माच्या गाभ्यावर भर दिला, आणि देऊळही तसंच बांधलं. उघड्या आभाळाखाली, झाडांमध्ये, वाळूवर बसून प्रार्थना. तिथल्या एका सभागृहाच्या बाहेरच्या भिंतींवर प्राचीन भारतीय शिल्पांच्या प्रतिकृती आहेत. बुद्धाची आकृती न दाखवता फक्त बोधिवृक्ष, आसन आणि पावलं दाखवणाऱ्या त्या काळातल्या. ज्यांना शक्य असेल त्यांनी तिथलं दहा दिवसांचं मौनाचं शिबिर करावं. ते दर महिन्याच्या आरंभी असतं.

मग तीन दिवस खाओ सोक. हे राष्ट्रीय उद्यान १९८० साली झालं, क्षेत्र सुमारे ७३९ चौरस किलोमीटर. चुनखडीचे उभे कडे, त्यांवर लोंबणारं जंगल, आणि पहाटे गिबन वानरांची लांबवर जाणारी हाक. इथे रॅफ्लेशिया फुलते. तिला पान नाही, खोड नाही. एका रानवेलीच्या आत ती जगते आणि एक दिवस सुपाएवढं फूल उघडते. हे फूल चारपाच दिवसांत काळं पडतं. म्हणून स्थानिक वाटाड्याला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी चढण चढू नका, आणि वाट सोडून कळ्या तुडवू नका.

याच जंगलात चिओ लान हा जलाशय आहे, आणि त्याच्यावर तरंगत्या झोपड्या. तिथली रात्र सुंदर असते. पण झोपण्याआधी त्या पाण्याची गोष्ट आठवा. राचप्रपा धरण १९८७ साली पूर्ण झालं. पाणी चढू लागलं तशा टेकड्यांची बेटं झाली आणि जनावरं त्यांवर अडकली. स्युप नाखासाथियन या वनअधिकाऱ्यानं तुटपुंजी साधनं आणि मोजके सहकारी घेऊन हजारावर प्राणी सोडवले. त्याहून कितीतरी अधिक बुडाले. त्या अनुभवातून ते पुढच्या एका मोठ्या धरणाविरुद्ध उभे राहिले, आणि ते धरण थांबलं. पुढे एका अभयारण्याचं रक्षण करताना आलेल्या एकाकीपणात त्यांनी १ सप्टेंबर १९९० रोजी स्वतःचा अंत केला. आपल्या तापीवरच्या उकाई धरणाची फूग नंदुरबार जिल्ह्यापर्यंत आली. त्या काठावरून उठलेल्या माणसांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. निळ्या पाण्याखाली काय आहे, हे दोन्ही तापींच्या लोकांना विचारता येतं.

आणि एक धोक्याची सूचना. त्या जलाशयाजवळच्या नाम तालू गुहेतून ओढा वाहतो. २००७ च्या ऑक्टोबरात अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे पर्यटक आणि वाटाडे दगावले. वनखातं पावसात गुहा बंद ठेवतं तेव्हा वाद घालू नका.

उरलेले दिवस बेटांचे. सामुई नारळाचं बेट आहे, कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. तिथे १९७२ साली उभारलेली बारा मीटर उंच सोनेरी बुद्धमूर्ती आहे. फा-न्गानवर पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर हजारोंचा धांगडधिंगा चालतो. शांतता हवी असेल तर तेवढी तिथी टाळा. मोठ्या बौद्ध पौर्णिमांना तो मेळाही एक दिवस पुढे जातो. म्हणजे तिथलं पंचांग त्यांनाही पाळावं लागतं. याच बेटावरच्या थान सादेत धबधब्यावर राजा चुलालाँगकोर्न पुन्हा पुन्हा येत. त्यांनी खडकांवर कोरवलेली आद्याक्षरं अजून दिसतात. तिसरं बेट ताओ, म्हणजे कासव. १९४० च्या दशकात राजकीय कैद्यांना ठेवलेलं हे बेट आज समुद्रात बुड्या मारायला शिकणाऱ्यांनी भरलेलं असतं. आणि आंग थोंग, ४२ बेटांचं सागरी उद्यान. तिथे खडकांच्या कुंडात एक हिरवं खारं सरोवर आहे. भोवती कडे, आणि समुद्राशी नातं फक्त जमिनीखालून. हे उद्यान साधारणपणे वर्षाअखेरच्या पावसात बंद असतं. प्रवाळाला घातक रसायनं असलेली उन्हाची मलमं सागरी उद्यानांत चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

पण बेटांवरून थेट परतीला लागू नका. समुद्र एखादा दिवस अडवून धरतोच. तो दिवस हाती राखा, आणि शेवटची रात्र बान डोनला, तापीच्या काठी काढा.

रीतीभातीचं फार सांगावं लागत नाही. देवळात जाताना आपण चपला काढतो, तशाच तिथे काढायच्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही. पहाटे भिक्षापात्र घेऊन निघालेले भिक्षू दिसले तर छायाचित्रासाठी त्यांची वाट अडवू नका. आपल्याकडची माधुकरी आठवा आणि बाजूला उभे राहा.

दुसऱ्यांदा गेलो ते फाल्गुनात. शेवटच्या संध्याकाळी एका लहान नावेतून तापीच्या बाजूच्या कालव्यांत शिरलो. दोन्ही काठांना पाणताड होते. अंधार पडल्यावर काठावरची झाडं काजव्यांनी पेटली. नाव वल्हवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी खुणेनं विचारलं, नदीचं नाव काय? ते म्हणाले, तापी. मी छातीवर हात ठेवला, पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, तापी. त्यांना काय समजलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी ओंजळभर पाणी उचललं आणि माझ्या हातावर ओतलं.

ते पाणी गार होतं. चार दिवसांपूर्वी मी इथे चांगदेवाला संगमावर गेलो, पाण्यात हात घातला, आणि त्या पाण्याची आठवण झाली. तुम्ही जाल तेव्हा सुट्टी बघून जाऊ नका. त्या नदीचं पंचांग वाचून जा, आणि निघण्याआधी आपल्या तापीला सांगून जा.